उसनी प्रतिकारशक्ती

इम्युनॉलॉजी घेऊन एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, की पहिल्या सेमिस्टरचं टाइमटेबल लागायच्या आत नात्यागोत्यातलं एक बिनपगारी सल्लागारपद आपल्या गळ्यात पडतं. मुंजीच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, आरती झाल्यावर प्रसादाची वाटी हातात ठेवता ठेवता कोणीतरी विचारतंच, "काय गं, इम्युनिटी वाढवायला काय घ्यावं?" विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. त्याला फक्त शिकलेल्या माणसाच्या तोंडून गुळवेलीचं नाव ऐकायचं असतं. माझ्या आत्यानं तर सरळच विचारलं होतं, "तुमच्या त्या कोर्सात काढ्यावर धडा आहे की नाही?" नाही म्हटल्यावर तिचा काढ्यावरचा विश्वास तसाच राहिला, कोर्सवरचा मात्र उडाला.

खरं उत्तर द्यायचं, तर ते पंगतीत देण्यासारखं नाही. प्रतिकारशक्ती नुसती वाढवून भागत नाही, बऱ्याचदा ती आवरावी लागते. फुलांच्या परागांवर ती खवळली की शिंकांनी जीव नकोसा होतो, सांध्यांच्या अस्तरावर उठली की आमवात, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशींवर उठली की लहान वयातला मधुमेह. शरीरात तिला दटावणाऱ्या खास पेशी असतात. त्यांचा छडा लावल्याबद्दल शिमोन साकागुची, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ सालचं नोबेल मिळालं. साकागुचींनी उंदरांत दाखवून दिलं, की या दटावणाऱ्या पेशी काढून घेतल्या तर उरलेल्या पेशी घरच्याच अवयवांवर तुटून पडतात. हे सगळं मी आत्याला एकदा रीतसर समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे काढा सोडू की घेऊ?" घे म्हटलं. घसा तरी शेकतो.

पण नुसती इम्युनॉलॉजी वेगळी आणि अप्लाइड इम्युनॉलॉजी वेगळी. पहिलीत शरीर रोगाशी लढायला कसं शिकतं ते वाचायचं. दुसरीत एकाचं शरीर जे शिकलं ते दुसऱ्याच्या कामाला कसं आणायचं, ते करायचं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी इथे घोड्याकडून, सशाकडून, शेळीकडून प्रतिकारशक्ती उसनी आणली जाते. फरक इतकाच, की साखर आपण निदान पगार झाल्यावर परत करतो. दोन वर्षं मी या विषयात जे काही शिकले ते या उसनवारीचे कायदेकानू होते, असं आता मला वाटतं. तेव्हा तसं वाटायला सवड नव्हती. तेव्हा इंटरल्यूकिनचे नंबर पाठ करायचे होते.

या नंबरांचा त्रास ज्यानं भोगला त्यालाच कळेल. पेशी एकमेकींना निरोप धाडायला जी प्रथिनं सोडतात त्यांना ओळीनं क्रमांक दिलेत, आणि पेशींच्या अंगावरच्या खुणांना सीडीचे क्रमांक आहेत, ते तर केव्हाच साडेतीनशेच्या पुढे गेले. त्यांच्यात आपसांत ना ताळ ना मेळ. सीडी फोरचं काम काय ते कळलं म्हणून सीडी फाइव्हचं कळेल असं नाही. आमच्या वर्गात कुबीचं जाडजूड पुस्तक झेरॉक्स होऊन, स्पायरल बाइंडिंगमध्ये तीन भागांत फिरत असे. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्याच्याकडे टी पेशींचा भाग असेल त्याचा भाव अचानक वधारायचा. जेनिस कुबी या बाईंनी हे पुस्तक लिहिलं, पण आमच्या बोलण्यात कुबी ही बाई नव्हती, वस्तू होती. "तुझी कुबी कोणाकडे आहे?"

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मात्र विषय अंगाला लागायचा. एलायझाची प्लेट म्हणजे तळहाताएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची ताटली, तिच्यात ९६ खळगे. एका खळग्यात एक मिलिलिटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त मावतं. विद्यार्थ्यांना पहिल्यांदा करायला देतात तो साधा प्रयोग बघा. आदल्या संध्याकाळी खळग्यांच्या तळाला कोंबडीच्या अंड्यातलं एक प्रथिन चिकटवायचं आणि प्लेट रात्रभर चार अंशांवर फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी तळाशी उरलेली रिकामी जागा गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिननं भरून काढायची, ते परवडत नसेल तर साय काढलेल्या दुधाची पावडर चालते. मग सशाचं सीरम. या सशाला अंड्याचं प्रथिन आधीच टोचलेलं असतं, त्यामुळे त्याच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं तयार असतात आणि ती तळाच्या प्रथिनाला जाऊन धरतात. धरली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यावर शेळीची प्रतिपिंडं घालायची, जी सशाच्या प्रतिपिंडांना ओळखतात. शेळीच्या प्रतिपिंडाला एक एन्झाइम जोडलेलं असतं, ते येतं हॉर्सरॅडिश नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या एका झणझणीत मुळापासून. शेवटी, या एन्झाइममुळे निळं होणारं द्रव्य. खळगा निळा झाला, तर वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी एकमेकांना धरलंय.

अंडं, गाय, ससा, शेळी आणि एक मूळ, सगळे एका खळग्यात. माणसाचा यात वाटा एवढाच, की दर पायरीनंतर प्लेट धुवायची. धुवायची म्हणजे मिठाचं बफर भरायचं, सिंकमध्ये उपडी झटकायची आणि टिश्यू पेपरच्या घडीवर फाडफाड आपटायची. एक थेंबही मागे राहता कामा नये. दुपारी प्रयोगशाळेत सगळ्या बाजूंनी हा आपटण्याचा आवाज सुरू असतो. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत काही तरी निषेध चाललाय. धुण्यात हयगय झाली की शिक्षा लगेच मिळते. ज्या खळग्यात काहीच घातलेलं नाही तो ब्लँकसुद्धा सुरेख निळा होतो, आणि आमच्या सरांच्या चेहऱ्यावर एक शांत भाव यायचा, ज्याचा अर्थ होता, उद्या परत.

एलायझा ही चाचणी १९७१ साली स्टॉकहोममध्ये एव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमन यांनी प्रसिद्ध केली. एंगवाल त्या वेळी पर्लमनची संशोधक विद्यार्थिनी होती. आधी हेच मोजमाप किरणोत्सर्गी आयोडीन वापरून होत असे; तिनं त्या जागी रंग देणारं एन्झाइम बसवलं. एचआयव्हीपासून डेंग्यूपर्यंत गावोगावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आज जे तपासलं जातं त्यातलं किती तरी या निळ्या-पिवळ्या रंगावर चालतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं २०२० साली करोनाच्या प्रतिपिंडांसाठी देशी एलायझा किट केलं, त्याला नाव दिलं कवच. नाव शोभतं. कर्णाचंही शेवटी दुसऱ्याला देऊन झालंच होतं.

उसनवारीतला सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोठा सावकार म्हणजे घोडा. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं, की धनुर्वाताचं विष थोडं थोडं टोचून सरावलेल्या जनावराचं सीरम दुसऱ्या जनावराला वाचवतं. घटसर्पाच्या सीरमबद्दल बेरिंगना वैद्यकातलं पहिलंवहिलं नोबेल १९०१ साली मिळालं. मोठ्या प्रमाणावर सीरम हवं म्हटल्यावर घोड्याला पर्याय नव्हता. अंगात रक्त भरपूर, स्वभाव बरा. सर्पविषाविरुद्धचं औषध आजही आपल्याकडे असंच होतं. मुंबईच्या हाफकिनचे घोडे पिंपरीत आहेत. त्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष अगदी कमी मात्रेपासून चढत्या क्रमानं टोचतात, मग ठरावीक अंतरानं थोडं थोडं रक्त काढून घेतात. तांबड्या पेशी घोड्याला परत करायची सोयही आता असते, म्हणजे या व्यवहारात थोडीफार परतफेड होते म्हणायची. औषधाच्या कुपीवर हिशोब लिहिलेला असतो. एक मिलिलिटर औषध नागाचं ०.६ मिलिग्रॅम, घोणशीचं ०.६, मण्यारीचं ०.४५ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतं. हे आकडे मला अजून पाठ आहेत. इंटरल्यूकिन विसरले.

या आकड्यांच्या मागे एक गोष्ट आहे, ती वर्गात पटकन सांगून पुढे जातात. देशातल्या औषधासाठीचं बहुतेक विष तमिळनाडूतून येतं. तिथे इरुला जमातीच्या सर्पमित्रांची १९७८ साली सुरू झालेली सहकारी संस्था आहे. साप पकडायचे, काही दिवस ठेवून त्यांचं विष काढायचं आणि पुन्हा रानात सोडायचे, असा त्यांचा परवाना आहे. अडचण अशी, की एकाच जातीच्या सापाचं विष मुलखागणिक बदलतं. तमिळनाडूतल्या घोणशीच्या विषावर सरावलेला घोडा दूरच्या राजस्थानातल्या किंवा बंगालातल्या घोणशीच्या विषाला तेवढ्याच ताकदीनं उत्तर देईल असं नाही. कोकणातल्या जांभ्याच्या फटीत बसलेलं वीतभर फुरसं काही कोणाला विचारून विष तयार करत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशानं गेली असा अंदाज आहे. त्यातली बरीच दवाखान्यात पोचलीच नव्हती, म्हणून सगळा दोष कुपीकडे जात नाही. पण उसनं कोणाकडून आणता याला महत्त्व आहे, हे एवढ्या ठळकपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आणि उसनं फार दिवस टिकतही नाही. घोड्याची प्रतिपिंडं माणसाच्या अंगात गेली की माणसाची प्रतिकारशक्ती त्यांनाच परकं ठरवते आणि त्यांच्याविरुद्ध कामाला लागते. घटसर्पातून वाचलेली मुलं आठ-दहा दिवसांनी ताप, पुरळ आणि सांधेदुखीनं पुन्हा अंथरूण धरायची. व्हिएन्नातल्या फॉन पिर्के आणि शिक या दोघा बालवैद्यांनी १९०५ साली या दुखण्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. जीव वाचवणाऱ्याशीच भांडण काढायचं ही आपल्या शरीराची रीत आहे, माणसाची नाही, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. ते हसतात, पण पूर्ण पटलेलं दिसत नाही.

घोड्यांच्या तबेल्यातूनच आणखी एक चमत्कारिक शोध लागला. पॅरिसजवळ गास्तों रामों नावाचे पशुवैद्य पाश्चर संस्थेचे घोडे सांभाळत होते. ज्या घोड्याच्या टोचल्या जागी गळू होई, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जास्त मिळत, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी मुद्दामच जागा चिडवायला सुरुवात केली. १९२० च्या दशकात त्यांनी टोचायच्या द्रवात पावाचा चुरा घालून पाहिला, आणि टॅपिओका घालून पाहिला. टॅपिओका म्हणजे आपला साबुदाणा ज्याचा करतात तेच पीठ. एकादशीला आपण जे खाऊन आळसावतो ते टोचून घेऊन ते घोडे जोमानं कामाला लागले. लशीत मिसळायच्या अशा चिथावणीखोर पदार्थांना आता अ‍ॅडज्युव्हंट म्हणतात, आणि पोटभर अभ्यास करूनही ते नेमकं काय करतात हे इम्युनॉलॉजिस्ट लोकांना फार वर्षं सांगता येत नव्हतं.

प्रयोगशाळेत वापरतात त्या फ्रॉइंडच्या अ‍ॅडज्युव्हंटमध्ये तेल असतं आणि मारलेले क्षयाचे जंतू. ते प्रथिनाच्या पाण्यात घोटायचं काम विद्यार्थ्यांकडे येतं. दोन काचेच्या सिरिंजा तोंडाला तोंड लावून जोडायच्या, एकीत तेल, दुसरीत पाणी, आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलत राहायचं. आधी हाताला काहीच लागत नाही. मग हळूहळू मिश्रण पांढरं होतं, घट्ट होतं, अंगठा भरून येतो, दट्ट्या पुढे सरकेनासा होतो. झालं की नाही हे बघायची युक्ती आहे: थंड पाण्याच्या बीकरमध्ये एक थेंब टाकायचा. पसरला तर अजून घोटा. गोळी होऊन जसाच्या तसा राहिला तर बास. पाकाची एकतारी बघण्यात हयात गेलेल्या माझ्या आईला हे सांगितलं, तेव्हा या कोर्सातलं निदान एक काम तिला नीट कळलं.

विद्यार्थ्यांचा उल्लेख आला म्हणून सांगते. या विषयातले दोन मोठे शोध विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांतून, आणि तेही उसन्या मालावर लागलेत. ओहायो स्टेट विद्यापीठात १९५० च्या दशकात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी कोंबडीच्या एका पिशवीमागे लागला होता. ही पिशवी विष्ठामार्गाच्या जवळ असते आणि ती कशासाठी आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यानं पिल्लांची ती पिशवी काढून टाकली. काही झालं नाही, कोंबड्या मजेत वाढल्या. तेवढ्यात टिमथी चँग या त्याच्या मित्राला वर्गात प्रतिपिंडांचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं आणि कोंबड्या कमी पडत होत्या. त्यानं ग्लिकच्या उचलल्या. त्यांना सालमोनेलाचे जंतू टोचले, आणि काही कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडं म्हणून सापडेनात. प्रात्यक्षिक फसलं. कोणत्या कोंबड्या फसल्या ते बघितलं, तर पिशवी काढलेल्या. प्रतिपिंडं करणाऱ्या पेशी तिथे तयार होतात हे असं कळलं. आज सगळं जग ज्यांना बी पेशी म्हणतं त्यातला बी हा त्या पिशवीच्या नावातला, बर्सामधला. शोधनिबंध १९५६ साली छापून आला तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात. इम्युनॉलॉजीची मंडळी ते वाचत नसत, त्यामुळे काही वर्षं या शोधाला कोंबड्यांखेरीज साक्षीदार नव्हता.

दुसरी गोष्ट ब्रसेल्सची, १९८० च्या दशकाच्या शेवटची. विद्यापीठात रक्तातून प्रतिपिंडं वेगळी करायचं नेहमीचं प्रात्यक्षिक होतं. एड्सच्या भीतीनं विद्यार्थी माणसाच्या रक्ताला हात लावेनात, आणि उंदीर मारायचीही त्यांची तयारी नव्हती. शिक्षकांनी फ्रीजर धुंडाळला. एका वेगळ्याच संशोधनासाठी आणलेलं उंटाचं सीरम पडून होतं, ते दिलं. विद्यार्थ्यांना त्यात नेहमीच्या प्रतिपिंडांबरोबर काही लहान, अर्धवट वाटणारी प्रतिपिंडं दिसली. प्रतिपिंडात दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात असं पुस्तक सांगतं; यांना हलक्या साखळ्या नव्हत्याच. १९९३ साली रेमाँ हामर्स आणि सहकाऱ्यांनी ते नेचरमध्ये प्रसिद्ध केलं. उंटाच्या या चिमुकल्या प्रतिपिंडांच्या जातीतलं पहिलं औषध २०१८ साली युरोपात मंजूर झालं. आमच्या वर्गात कोणी "सर, हे पुस्तकात नाही" म्हटलं तर आधी "नीट धुतलं का?" असं विचारत. ब्रसेल्सलाही आधी तेच विचारलं असणार, अशी माझी खात्री आहे.

मुंबईत हा विषय शिकणाऱ्याला परळ टाळता येत नाही. टाटा, केईएम, हाफकिन, सगळं चालण्याच्या अंतरावर, आणि मधे दादर-परळची गर्दी. हाफकिनची इमारत पूर्वी गव्हर्नरचा बंगला होती. ओडेसाला जन्मलेला आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून कॉलऱ्याची लस घेऊन १८९३ साली भारतात आलेला वाल्डेमार हाफकिन १८९६ च्या प्लेगात मुंबईला आला. त्यानं ग्रँट मेडिकल कॉलेजात काही महिन्यांत प्लेगची लस केली, १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना. प्लेगचे जंतू वाढवायला तो मांसरसावर तूप किंवा खोबरेलाचे थेंब तरंगत ठेवी. त्या थेंबांच्या खालच्या बाजूला धरून जंतू लोंबत वाढत. इतक्या मोठ्या शहराला पुरतील एवढे जंतू करायला तूप लागलं, ही गोष्ट मला नेहमी फार मुंबईकर वाटते. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या बंगल्यात गेली, आणि १९२५ मध्ये संस्थेला त्याचं नाव मिळालं.

परळलाच उसनवारीचा सगळ्यात कडक नियम कळतो. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. ओ गटाच्या पेशींवर फक्त एच नावाची खूण असते, जी बाकीच्या गटांच्या पेशींवरही असते, म्हणून ओ सगळ्यांना चालतो. या नव्या गटाच्या माणसांच्या पेशींवर ती खूणही नसते, आणि रक्तात मात्र तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं असतात. नेहमीच्या तपासणीत ती ओ दिसतात, पण ओचं रक्त दिलं तर जिवावर बेततं. हा बॉम्बे गट भारतात साधारण दहा हजारांत एकाचा. ही माणसं आपलं रक्त कोणत्याही गटाला देऊ शकतात; घेऊ मात्र फक्त आपल्यासारख्याकडूनच. केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय रक्तसंस्थेत अशा दुर्मीळ दात्यांच्या याद्या ठेवतात. एखादा पेशंट अडला की फोन फिरतात, आणि कुठल्या तरी जिल्ह्यातला माणूस बसमध्ये बसून निघतो. शहराचं नाव बदललं, गटाचं बदललं नाही. सगळ्यांना देणारा आणि दुसऱ्या कोणाकडूनही न घेऊ शकणारा गट याच शहराच्या नावावर आहे, याचं मुंबईबाहेरच्या लोकांना आश्चर्य वाटतं, मुंबईत भाड्यानं राहिलेल्यांना वाटत नाही.

आता म्हणतात, उसनवारी संपत आली. रक्ताच्या काही कर्करोगांवर सीएआर-टी नावाचा उपचार आलाय. आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटल यांनी मिळून विकसित केलेल्या अशा देशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली, परदेशातल्या किमतीच्या सुमारे एक दशांशात. पेशंटच्याच टी पेशी काढायच्या, त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायचं नवं अवजार बसवायचं, वाढवायच्या आणि त्यालाच परत द्यायच्या. कोणाकडे हात पसरायला नको. पण जरा खोलात गेलं की दिसतं, पेशीत नवं जनुक नेऊन सोडायचं काम एका विषाणूच्या निकामी केलेल्या अवतारानं केलंय, आणि ओळखायचं अवजार मुळात उंदराच्या प्रतिपिंडावरून घेऊन माणसाला मानवेल असं घडवलंय. उंदराची अशी एकजात, हवी तेवढी प्रतिपिंडं करायचं तंत्र केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली दिलं, आणि त्याचं पेटंट घेतलं गेलं नाही. नाताळाच्या सुमारास एका रात्री निकाल बघायला तळघरात जाताना, काहीच निघालं नाही तर कंटाळा येऊ नये, म्हणून कोहलर बायकोला सोबत घेऊन गेले होते. निकाल चांगला निघाला. नसता निघाला तर त्या नाताळात घरी काय बोलणं झालं असतं, याची कल्पना ज्यांनी संशोधकाशी संसार केलाय त्यांनी करावी.

मी आता एका कॉलेजात हीच प्रात्यक्षिकं घेते. मुलांना शिकवण्यापेक्षा अवघड काम असतं ते दर वर्षी रसायनांची मागणी मंजूर करून घेणं. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, आणि मग अकाउंट्समधले आमचे भाऊसाहेब. माणूस चोख, हिशोबाला पक्का, आणि कागदावरचं प्रत्येक अक्षर वाचल्याशिवाय सही न करणारा. मागे त्यांनी मला बोलावून घेतलं. समोर आमची मागणी होती आणि एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ.

"मॅडम, हे काय आहे? गोट, अँटी-रॅबिट. शेळी सशाच्या विरोधात का म्हणून?"

मी सांगितलं. शेळीला सशाचं प्रथिन टोचतात, मग शेळीच्या रक्तात सशाला ओळखणारी प्रतिपिंडं होतात, ती आम्हाला लागतात.

"आणि किती? अर्धा मिलिलिटर?" त्यांनी चष्मा वर केला. "एवढ्या पैशात आमच्याकडे दोन शेळ्या येतील. करडासकट."

त्यांचा भाव बरोबर होता. ते मूळचे माणदेशातले, शेळीच्या बाबतीत त्यांना कोणी फसवू शकत नाही.

"मग एक शेळी आपणच का नाही पाळत? मागे मैदान आहे, चारा शिपाई बघेल."

मी म्हटलं, नुसती शेळी पाळून होत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांची समिती आहे, तिची परवानगी लागते, पशुवैद्य लागतो, आणि मुख्य म्हणजे शेळीला टोचायला सशाचं शुद्ध प्रथिन लागतं.

"ते आहे का आपल्याकडे?"

"नाही. तेही मागवावं लागेल."

"म्हणजे ससाही दुसऱ्याचाच," भाऊसाहेब म्हणाले, आणि शिक्का मारला.